ज्यांच्या कानी शब्दच पडला नाही, त्यांचे काय?

(वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेच्या पत्रिकेत आमचे नाव छापताना चिटणीसांनी विचारले, "विषय काय टाकू?" आम्ही विषय सांगितला आणि ते क्षणभर गप्पच राहिले. ख्रिस्ती धर्म ज्यांच्या कानावर कधी पडलाच नाही, त्यांचे मेल्यानंतर काय होते असे तो धर्म मानतो, हा प्रश्न विहारात कशासाठी, असे त्यांना वाटले असणार. आम्ही काही धर्मशास्त्राचे पंडित नाही. कला शाखेची पदवी घेतली, इतिहास हा विषय होता, आणि त्यानंतर इतकी वर्षे बँकेत काउंटरवर बसून दुसऱ्यांचे पैसे मोजत आलो. तरीही हा विषय आम्ही निवडला, कारण तो आमच्याकडे चालत आला आणि पहिल्या वेळी आम्ही त्याला नीट उत्तर देऊ शकलो नाही.

आपल्या वस्तीतली एक मुलगी परगावी वसतिगृहात राहून परिचारिकेचे शिक्षण घेते. लहानपणापासून तिला आजीनेच वाढवले. आई-वडील कामावर जात, पोर आजीपाशी. ती आजी काही वर्षांपूर्वी वारली. वसतिगृहात तिच्या खोलीतली मैत्रीण ख्रिस्ती आहे. दोघी एका ताटात जेवणाऱ्या. मैत्रिणीबरोबर ती एकदा प्रार्थनासभेला गेली. तिथे बाहेरून आलेल्या कुणा उपदेशकाने सांगितले की प्रभूला न स्वीकारता जे गेले ते सर्व नरकात आहेत, ऐकले नव्हते ही सबब तिथे चालत नाही. सुट्टीत ती घरी आली आणि रविवारच्या आपल्या अभ्यासवर्गानंतर मागे थांबली. म्हणाली, "काका, माझी आजी कुठे असेल?"

आम्ही काय केले? हसलो. "अगं, नरक-बिरक काही नसतं, आपण विज्ञान मानणारी माणसं, असल्या गोष्टी कुठं मनावर घेतेस," असे म्हणून सतरंजी गुंडाळायला लागलो. पोरीने मान हलवली आणि निघून गेली. पुढच्या सुट्टीत ती वर्गाला आली नाही. तिने वाद घालण्यासाठी विचारलेले नव्हते, ती आजीबद्दल विचारत होती, हे कळायला आम्हांला दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत जे वाचले, त्यातले काही आज आपल्यापुढे ठेवतो.

डिसेंबर २०२४ मध्ये बँकेतील सहकाऱ्यांबरोबर आम्ही गोव्याला गेलो होतो. जुन्या गोव्यात त्यावेळी सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या शवाचे दर्शन खुले होते. दर दहा वर्षांनी ते होते, आणि त्या खेपेस २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ असे होते. आमचे वसईचे ख्रिस्ती सहकारी रांगेत उभे राहिले, म्हणून आम्हीही राहिलो. झेवियर म्हणजे गोव्याचे, इतकेच तेव्हा आम्हांला ठाऊक. पण आमच्या मुलीचा प्रश्न याच माणसाला पावणेपाचशे वर्षांपूर्वी विचारला गेला होता, आणि विचारणारे पूर्वाश्रमीचे बौद्ध होते, हे नंतर वाचनात आले. रांगेत असताना हे माहीत असते, तर त्या चांदीच्या पेटीकडे आम्ही वेगळ्या नजरेने पाहिले असते.

झेवियर १५४२ साली गोव्यात आले. १५४७ च्या अखेरीस मलाक्का येथे त्यांना अंजिरो नावाचा जपानी गृहस्थ भेटला. त्याच्या हातून मायदेशात एक माणूस मारला गेला होता, म्हणून तो पळून आलेला होता आणि मनाने पोळलेला होता. १५४८ मध्ये गोव्यात त्याचा बाप्तिस्मा झाला, तेथील सेंट पॉल कॉलेजात तो शिकला, आणि त्यालाच दुभाषा करून १५ ऑगस्ट १५४९ रोजी झेवियर जपानमधील कागोशिमा येथे उतरले. जपानात तेव्हा बौद्ध धर्म येऊन हजार वर्षे होत आली होती. देवाला कोणता शब्द वापरावा, इथपासून अडचण होती. अंजिरोच्या सल्ल्याने प्रथम 'दाइनिची' हा शब्द घेतला. ते तर तिकडच्या एका पंथातील महावैरोचन बुद्धाचे नाव! चूक लक्षात आल्यावर झेवियरांनी तो शब्द टाकला आणि 'देऊस' हा लॅटिन शब्दच चालू केला. परधर्मात जाणाऱ्यांनी आणि नेणाऱ्यांनी शब्दांबाबत किती जपावे लागते, याचा हा नमुना.

यामागुची या गावी त्यांना बरे यश मिळाले. दोन महिन्यांत सुमारे पाचशे लोकांनी बाप्तिस्मा घेतला, असे ते लिहितात. पण बाप्तिस्म्याआधी लोकांनी त्यांना पुरते घेरले होते. तुमचा देव जर दयाळू आणि सर्वांचा बाप, तर आमच्या वाडवडिलांना त्याने इतकी शतके अंधारात का ठेवले? आम्हांला विद्या चीनकडून आली, त्या चिनी लोकांच्या ग्रंथांतही त्याचे नाव कसे नाही? आणि न सांगता ज्यांना ठेवले त्यांनाच न मानल्याची शिक्षा, हा कुठला न्याय? ते सोळाव्या शतकातले व्यापारी, सामुराई, भिक्खू असे सर्व प्रकारचे लोक होते, आणि प्रश्न किती नेमका!

झेवियरांनी दिलेले उत्तर टाकाऊ नव्हते. ते म्हणाले, चीनचे कायदे तुमच्याकडे येण्यापूर्वीही मारणे, चोरणे, खोटी साक्ष देणे वाईट, हे तुम्हांला माहीत होतेच. डोंगरात एकटा वाढलेला, अक्षरशून्य माणूस विचारा. त्यालाही ते ठाऊक असते. म्हणजे देवाचा कायदा त्याने मनुष्याच्या अंतःकरणात आधीच लिहिला आहे. या उत्तराने लोकांचे समाधान झाले, असे ते नोंदवतात. या दृष्टांतामागे जुनी परंपरा आहे. तेराव्या शतकातील मोठे ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस यांनी रानात लांडग्यांमध्ये वाढलेल्या माणसाचा विचार केला होता. तो जर आपल्या बुद्धीप्रमाणे चांगल्याच्या मागे लागला, तर देव त्याला आतून तरी उमज देईल किंवा एखादा उपदेशक तरी पाठवील, असे त्यांचे म्हणणे.

पण मंडळी, डोंगरातला माणूस हा दृष्टांतातला माणूस झाला. त्याला आई नसते, आजी नसते. बाप्तिस्मा झाल्यावर याच लोकांनी दुसरा प्रश्न विचारला. आमची मुले गेली, आई-बाप गेले, ते नरकात असतील तर दानधर्म करून, प्रार्थना करून त्यांना सोडवता येईल काय? झेवियर म्हणाले, नाही. तिथून सुटका नाही. मग ते लोक रडू लागले. देव आमच्या बापाला बाहेर काढू शकत नाही काय, त्याच्या शिक्षेला शेवट का नाही, असे पुन्हापुन्हा विचारू लागले. २९ जानेवारी १५५२ रोजी कोचीनहून युरोपातील सहकाऱ्यांना लिहिलेल्या लांबलचक पत्रात झेवियरांनी हे सारे प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे. आपल्या जिवाच्या माणसांना असे रडताना पाहून आपल्यालाही अश्रू आवरणे कठीण जाई, असेही ते लिहितात. पण त्या दुःखातही एक फायदा त्यांना दिसतो. या भीतीने हे लोक स्वतःच्या उद्धाराची अधिक काळजी घेतील, असा.

हा मजकूर आम्ही दोनदा वाचला. माणूस दुष्ट नाही, रडणाऱ्यांबरोबर तो स्वतःही कळवळतो. पण डोळ्यांत पाणी असूनही उत्तर बदलता येत नाही, असा तो एका शिकवणीत अडकला आहे. त्याच वर्षी ३ डिसेंबरला चीनच्या किनाऱ्याजवळ एका बेटावर तो वारला.

आता इथे आपल्यापैकी काहींना बरे वाटले असेल, की पाहा, ख्रिस्त्यांचे असे, आपले तसे नाही. जरा थांबा. त्याच पत्रात झेवियरांनी तिकडच्या भिक्खूंबद्दलही लिहिले आहे. मेलेल्यांना नरकातून काढण्याची शक्ती आपल्यापाशी आहे असे सांगून ते दान घेत, आणि स्त्रियांना सांगत की मासिक विटाळामुळे तुमचे पाप पुरुषांहून जास्त, तेव्हा तुम्ही दानही जास्त द्यावे. पत्र विरोधकाचे आहे, तेव्हा त्यातला शब्दन् शब्द आम्ही प्रमाण मानणार नाही. पण स्त्रियांना रक्ताच्या नरकाची भीती घालणारे एक सूत्र त्या काळी चीन-जपानात प्रचलित होते, ही गोष्ट अभ्यासकांना मान्य आहे. तथागतांच्या नावावर हे चालले होते! एकाकडे नरकाचे दार कायमचे बंद, दुसऱ्याकडे पैसे टाकले की उघडणार. पिंडदानाच्या दक्षिणेत आणि त्यात फरक तो काय? आपल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा बाबासाहेबांनी का घातली असेल, हे आम्हांला जपानची ही हकिकत वाचून नव्याने कळले.

बरे, सर्व ख्रिस्ती लोक झेवियरांसारखेच बोलले, असे मात्र मुळीच नाही. आमच्या वसईच्या सहकाऱ्यांना आम्ही हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "साहेब, शाळेत असताना मीही फादरना हेच विचारलं होतं. त्यांनी मला ओरडून गप्प नाही केलं." त्यांनीच आम्हांला पुढचे वाचायला लावले.

जुने मत कडक होते, यात शंका नाही. चर्चबाहेर तारण नाही, हे वचन तिसऱ्या शतकातल्या सिप्रियनपासून चालत आले. १४४२ च्या सुमारास फ्लोरेन्सच्या धर्मपरिषदेने परधर्मीयांचे नाव घेऊन सांगितले की मरणापूर्वी चर्चमध्ये न आलेले सारे अनंत अग्नीत जातील. बाप्तिस्म्यावाचून गेलेल्या तान्ह्या बाळांचे काय, या प्रश्नाने तर त्यांचे मोठमोठे आचार्य हैराण झाले. ऑगस्टीनने त्यांना सौम्य का होईना, पण शिक्षाच दिली होती. पुढच्यांनी 'लिंबो' नावाची एक वेगळी जागा कल्पिली, जिथे दुःख नाही, पण देवाचे दर्शनही नाही. एक आख्यायिका अशी आहे की सुमारे तेराशे वर्षांपूर्वी उत्तर युरोपातल्या फ्रिसियन लोकांचा राजा रॅडबॉड बाप्तिस्म्याच्या कुंडात पाय टाकता टाकता थबकला. माझे पूर्वज कुठे आहेत, असे त्याने विचारले. नरकात, असे उत्तर आले. त्याने पाय मागे घेतला. परक्या स्वर्गात बसण्यापेक्षा आपल्या माणसांबरोबर असलेले बरे, असे त्याचे म्हणणे. इतिहास म्हणून हे खरे की खोटे कोण जाणे, पण ही गोष्ट ख्रिस्ती भिक्षूंनीच लिहून जपली आहे. म्हणजे हा काटा त्यांनाही सलत असला पाहिजे.

आणि इटलीचा महाकवी दान्ते! १३२१ साली वारला. त्याने आपल्या महाकाव्याच्या स्वर्गकांडात जो प्रश्न मांडला तो वाचून आम्ही चकित झालो. एक माणूस सिंधू नदीच्या काठी जन्मतो. तिथे ख्रिस्ताबद्दल बोलणारा, वाचणारा, लिहिणारा कोणी नाही. त्याचे वागणे निर्मळ, त्याची वाणी निर्मळ. तो बाप्तिस्म्याशिवाय मरतो. त्याचा दोष कोणता? सिंधू नदी म्हणजे आपलाच मुलूख की! सातशे वर्षांपूर्वी फ्लोरेन्समधला एक हद्दपार माणूस आपल्या आजी-आजोबांची चिंता करीत होता. त्याला मिळणारे उत्तर पुरे पडत नाही. न्याय करणारा तू कोण, असे त्याला दटावले जाते. पण सोबत एक इशाराही मिळतो. तोंडाने ख्रिस्त ख्रिस्त करणारे पुष्कळ जण निवाड्याच्या दिवशी, ख्रिस्त माहीत नसलेल्यापेक्षा दूर उभे असतील.

पुढे १४९२ साली अमेरिका खंड युरोपियनांना सापडले आणि प्रश्न एकट्यादुकट्याचा राहिला नाही. एवढी माणसे पंधरा शतके काहीही न ऐकता जगली आणि मेली! स्पेनमधील फ्रान्सिस्को दे विटोरिया या अध्यापकाने १५३९ मध्ये म्हटले की ज्यांनी ऐकलेच नाही त्यांच्यावर अविश्वासाचे पाप लादता येत नाही. बाकीची पापे त्याने सोडली नाहीत, पण एक कलम तरी कमी केले. चारशेहून अधिक वर्षांनी, २१ नोव्हेंबर १९६४ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने अधिकृतपणे मान्य केले की स्वतःचा दोष नसता ज्यांना ख्रिस्ताची वार्ता कळली नाही, पण जे प्रामाणिक मनाने देवाचा शोध घेतात आणि सदसद्विवेकाप्रमाणे वागतात, त्यांनाही तारण मिळू शकते. तान्ह्या बाळांच्या तारणाची आशा धरण्यास आधार आहे, असे त्यांच्या धर्मपंडितांच्या आयोगाने २००७ मध्ये सांगितले. प्रॉटेस्टंटांत एक मत नाही. त्या सभेतल्यासारखे कडक बोलणारे आजही आहेत. पण सी. एस. ल्यूइस हे ब्रिटिश लेखक त्यांच्यापैकीच, आणि त्यांच्या मुलांसाठीच्या एका कादंबरीत जन्मभर दुसऱ्या देवाची निष्ठेने सेवा केलेल्या सैनिकाला शेवटी जवळ केले जाते. त्या पुस्तकाचे वर्ष १९५६. आपल्याला ते वर्ष वेगळे सांगायला नको.

तर या वर्षावरून आम्ही घरी येतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा घेतलेल्यांत आमचे आजोबा होते. त्यांची आई, म्हणजे आमची पणजी, त्याआधीच वारलेली. ती गळ्यात तुळशीची माळ घालणारी, पंढरीला पायी जाणारी, आणि नामदेव पायरीपाशी थांबून कळसाला हात जोडून परत येणारी. तिच्या कानी बुद्धाचे नाव पडले असेल असे वाटत नाही. आता आमच्या मुलीचा प्रश्न आपल्या अंगणात आणून पाहा. पणजीचे काय? ज्यांच्या कानी धम्म पडलाच नाही त्या आपल्या शेकडो पिढ्यांचे काय?

आम्ही शोधले, पण त्यांना कोणी शिक्षा सांगितलेली आम्हांला कुठे आढळली नाही. रमाई २७ मे १९३५ रोजी गेल्या, येवल्याच्या घोषणेच्याही आधी. पंढरपूरची ओढ त्यांना होती, हे सर्वांना माहीत आहे. बाबासाहेबांनी तिथे जाण्याला विरोध केला, पण रमाईंना कधी कमी लेखले नाही. बाबासाहेबांनी आपले तीन गुरू सांगितले, बुद्ध, कबीर आणि फुले. यातले दोघे बौद्ध नव्हते! १९४८ साली अस्पृश्यांच्या मूळ शोधावर त्यांनी जो ग्रंथ लिहिला, तो नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. तिघेही भक्त. भक्तिमार्गावर बाबासाहेबांनी टीका केली, ती सोडली नाही, आणि त्या माणसांपुढे मानही लववली. मत चुकले म्हणून माणूस बुडाला, असे त्यांनी धरले नाही. तथागत स्वतःला मोक्षदाता म्हणवत नाहीत, मार्गदाता म्हणवतात, हा भेद त्यांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मुद्दाम स्पष्ट केला आहे. वाट दाखवणारा माणूस, वाट न पाहिलेल्यांना दंड करीत नसतो.

नालंदा येथे आंब्याच्या वनात असिबंधकपुत्र नावाच्या गावप्रमुखाने भगवंतांना विचारले होते की पश्चिमेकडचे ब्राह्मण मंत्र म्हणून मेलेल्याला स्वर्गात धाडतात, तुम्ही तसे सर्व जगाला धाडू शकाल का? भगवंतांनी उलट विचारले. खोल डोहात मोठा धोंडा टाकला आणि काठावर लोकांनी हात जोडून, हे धोंड्या वर ये, अशी विनवणी केली, तर तो येईल का? नाही येणार. बरे, तुपाचे मडके पाण्यात नेऊन फोडले, तर खापऱ्या खाली जातील आणि तूप वर येईल. मग लोकांनी कितीही म्हटले की हे तुपा, बुड, तर ते बुडेल का?

या सुत्तातला धोंडा आपण नेहमी सांगतो, कर्मकांडाविरुद्ध तो उपयोगी पडतो. तूप मात्र आपण विसरतो. आमचीही तीच गत होती. त्या मुलीला आम्ही धोंडा सांगितला होता, आणि तिला हवे होते तूप. ज्या बाईने दुसऱ्याच्या पोराला पोटाशी धरून वाढवले, जिच्या घरून उपाशी कोणी गेला नाही, तिला काठावरच्या गर्दीने कितीही ओरडून बुड म्हटले तरी ती कशी बुडेल? नरक आहे असे धरले तरी नाही, आणि नाही असे धरले तर बोलायलाच नको. कालामांना भगवंतांनी हेच आश्वासन दिले होते. परलोक असेल तर वैरमुक्त माणसाला तिथे भय नाही, नसेल तर तो इथेच सुखाने जगला.

जपानची एक गोष्ट राहिली. १६१४ मध्ये तिथे ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली. छळ झाला, पुरोहित मारले गेले किंवा हाकलले गेले. तरी गावोगावच्या कुटुंबांनी गुपचूप तो धर्म दोनशे वर्षांहून अधिक काळ जपला. १८६५ साली नागासाकीच्या नव्या चर्चमध्ये काही शेतकरी स्त्री-पुरुष येऊन फ्रेंच पाद्र्याच्या कानात कुजबुजले की आमचे अंतःकरण तुमच्यासारखेच आहे. १८७३ मध्ये बंदीचे फलक उतरले. पण सगळे चर्चमध्ये परतले नाहीत. आमच्या पूर्वजांनी जसे दिले तसेच जपणार, म्हणून कित्येक जण वेगळेच राहिले. पूर्वजांसाठी रडत जो धर्म घेतला, तो पुढे पूर्वजांसाठीच घट्ट धरला गेला. माणसाला आपले मेलेले सोडवत नाहीत, मग वरचा धर्म कोणताही असो.

ती मुलगी गेल्या महिन्यात पुन्हा आली. आम्ही आधी तिची माफी मागितली, मग हे सारे सांगितले. तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, "काका, हे मी तिलाही सांगू का?" तिला म्हणजे खोलीतल्या मैत्रिणीला. त्या मैत्रिणीच्या घरी ख्रिस्ती धर्म तिच्या आईपासून आला. तिची आजी बाप्तिस्म्यावाचून गेली. सभेहून परतल्यावर रात्री दिवा मालवल्यावर ती रडत होती, आणि आमच्या मुलीने तिला विचारले तेव्हा तिने कुशी बदलली. म्हणजे आम्ही ज्या दिवशी सतरंजी गुंडाळत होतो, त्या दिवशी पोर दोन आज्यांसाठी विचारत होती.

आम्ही म्हणालो, जरूर सांग. तुपाचे सांग, पण दान्ते आणि १९६४ सालचे आधी सांग. ते तिच्या घरचे आहे.